व्हीलहाउसचा खऱ्या मापाचा मॉकअप: थ्रीडी मॉडेल असताना प्लायवुडवर खर्च करावा का?

तिरपी_फ्रेम

नमस्कार मंडळी. मी पुण्यातल्या एका लहान डिझाइन ऑफिसात नेव्हल आर्किटेक्ट आहे. सध्या हातात साठ मीटर लांबीच्या रो-रो फेरीचं, म्हणजे गाड्या चालवतच आत-बाहेर नेता येतात अशा बोटीचं, काम आहे. गाड्या, दुचाक्या, प्रवासी. किनाऱ्यालगतचा छोटा मार्ग. दिवसातून अनेक फेऱ्या आणि प्रत्येक फेरीत दोनदा धक्क्याला लागणं. म्हणजे व्हीलहाउसमधल्या, बोट चालवायच्या खोलीतल्या, माणसाचं खरं काम मोकळ्या पाण्यात कमी आणि धक्क्याजवळ जास्त.

व्हीलहाउस आणि कार डेकवरून प्रवासी डेकवर नेणारा मुख्य जिना, या दोन्हींचे खऱ्या मापाचे मॉकअप, म्हणजे प्लायवुडचे कच्चे नमुने, करावेत आणि ज्यांना ही बोट चालवायची आहे त्यांच्याकडून तपासून घ्यावेत, असं मी सुचवलं. साहेबांचं म्हणणं असं की थ्रीडी मॉडेल तयार आहे, मालकाच्या माणसांनी व्हीआर चष्मा लावून आतून फेरफटका मारलाय, सगळ्यांना आवडलंय. आता सुतार बोलावून प्लायवुडची खोली कशाला उभी करायची? शिवाय स्टीलची ऑर्डर पुढच्या महिन्यात जायची आहे.

दृश्यमानतेसाठी आम्ही सोलास या आंतरराष्ट्रीय जहाज-सुरक्षा कराराच्या पाचव्या प्रकरणातला २२ वा नियम कसोटी म्हणून धरला आहे. नाळेपुढचं (बोटीच्या पुढच्या टोकापुढचं) झाकलं जाणारं, म्हणजे चालकाला न दिसणारं, पाणी जहाजाच्या लांबीच्या दुपटीपेक्षा किंवा ५०० मीटरपेक्षा, यातलं जे कमी असेल त्यापेक्षा जास्त असता कामा नये. आमच्यासाठी ते १२० मीटर. ब्रिज डेक, म्हणजे व्हीलहाउसचा मजला, पाण्यापासून ९.९ मीटर वर आहे, चालकाच्या जागेपासून नाळ २० मीटर पुढे, आणि नाळेवरच्या रॅम्पची वरची कड पाण्यापासून ८ मीटर. डोळा डेकपासून १.८ मीटर धरला तर नाळेपुढे साधारण ४३ मीटर पाणी झाकलं जातं. म्हणजे मर्यादेच्या खूप आत. कन्सोलवर दोन मोठे मॉनिटर आहेत. त्यांची वरची कड डेकपासून १.२ मीटर आणि खुर्चीत बसलेल्याच्या डोळ्यापासून साधारण ०.९ मीटर पुढे.

मॉकअपमधून असं काय कळतं जे मॉडेलमधून कळत नाही, हे साहेबांना पटेल अशा शब्दांत कुणी सांगेल का? आणि पैसे एकाच गोष्टीला मिळाले तर व्हीलहाउस करावं की जिना?

लॉफ्टवाला

आधी तुमचाच हिशेब पुढे नेतो, कारण साहेबांना पटवायचं तर आकड्यापासून सुरुवात बरी.

तुम्ही डोळा १.८ मीटरवर धरलात. तो उभ्या आणि चांगल्या उंच माणसाचा. पण तुमच्या कन्सोलसमोर खुर्ची आहे आणि दिवसभर फेऱ्या मारणारा माणूस त्या खुर्चीत बसणार. साध्या उंचीच्या खुर्चीत बसलेल्या मध्यम बांध्याच्या माणसाचा डोळा डेकपासून सव्वा मीटरवर येतो. मॉनिटरची कड १.२ मीटर. म्हणजे ९० सेंटिमीटर अंतरात नजर जेमतेम ५ सेंटिमीटर खाली उतरते. डोळा पाण्यापासून ११.१५ मीटर वर. त्या उताराने नजर पाण्याला टेकेल ती डोळ्यापासून सुमारे २०० मीटरवर, म्हणजे नाळेपुढे १८० मीटर. तुमची मर्यादा १२०. जी बोट उभ्या माणसासाठी आरामात पास होते, तीच बसलेल्या माणसासाठी नापास. तेच मॉनिटर १२ सेंटिमीटर खाली घ्या; मग मॉनिटर आड येतच नाही, आड येतो तो फक्त रॅम्प, आणि झाकलेलं पाणी ५१ मीटरवर येतं. बारा सेंटिमीटरचा प्रश्न आहे. स्टील कापण्याआधी तो एका करवतीचा आहे, नंतर केबल, ब्रॅकेट, पॅनेल आणि मंजुरीच्या नकाशांचा.

तुम्ही म्हणाल, हे तर कागदावरही निघालं. निघालं खरं. पण माणूस बसतो हे कागदाला कुणी सांगितलं? मॉकअपमध्ये पहिला माणूस आत शिरतो, खुर्ची ओढतो, बसतो आणि मान उंच करून मॉनिटरवरून बघायला लागतो. ती उंच झालेली मान बघितली की हिशेब करायचं सुचतं.

मी मुंबईतल्या एका गोदीत मोल्ड लॉफ्टमध्ये होतो. ज्यांनी लॉफ्ट पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: मोठ्या हॉलची पूर्ण लाकडी जमीन, काळी रंगवलेली, आणि तिच्यावर जहाजाची प्रत्येक फ्रेम (फासळी) खऱ्या मापात आखलेली. लवचिक बॅटन (लाकडी पट्टी) खिळ्यांमध्ये धरून वक्र काढायचा, खाली बसून डोळा जमिनीला लावून बघायचं की रेघ कुठे फुगली, कुठे बसली. कागदावर पेन्सिलच्या जाडीइतकी चूक जमिनीवर बोटभर होऊन दिसायची. पुढे संगणक आले, प्लेट कापायची माहिती थेट मशीनला जाऊ लागली आणि आमची जमीन मोकळी झाली. त्या मोकळ्या जमिनीवर आम्ही मॉकअप उभे करू लागलो: ब्रिज, इंजिन कंट्रोल रूम, रेडिओ रूम, गॅली. लॉफ्टच्या माणसांना ते काम परकं वाटलं नाही. खऱ्या मापात बघायची सवय आधीपासूनच होती.

एक प्रसंग सांगतो. एका बंदर-बोटीच्या व्हीलहाउसचा मॉकअप उभा होता. डिझाइनवाले, मालकाचे अधिकारी, आमचे मॅनेजर असे सगळे जमले होते. ज्यांना बोट चालवायची होती त्या सारंगांना मध्ये उभं केलं आणि विचारलं, "कसं वाटतंय?" ते म्हणाले, "चालेल साहेब." खिडकी? चालेल. खुर्ची? चालेल. थ्रॉटल, म्हणजे वेगाचा दांडा? बरोबर आहे साहेब. सगळे खूश होऊन चहाला गेले. मी खिळे वेचत तिथेच होतो. सारंग एकटे राहिले, डाव्या बाजूच्या खिडकीपाशी गेले आणि खांदा चौकटीला टेकवून डोकं बाहेर काढायला लागले. खिडकी आमच्याकडे बंद काचेची होती, मॉकअपमध्ये काचेच्या जागी पुठ्ठा. त्यांनी पुठ्ठ्याला हात लावला आणि मागे वळून थ्रॉटलकडे दुसरा हात लांबवला. हात पोचला नाही. मी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "धक्क्याला लावताना मी बोटीची बाजू बघतो, रे. डोकं बाहेर, एक हात इथे. नाहीतर फेंडर चेपला की कोर चेपली ते मला कसं कळणार?" (फेंडर म्हणजे धक्का झेलणारी गादी, कोर म्हणजे बोटीची कड.)

हे त्यांनी साहेबांसमोर सांगितलं नव्हतं, आणि सांगितलंही नसतं. त्यांना ते सांगण्यासारखं वाटतच नव्हतं, कारण ते अंगाचं काम होतं. त्या खिडकीला सरकती काच आणि तिच्याशेजारी दुसरा कंट्रोल बसला तो त्या संध्याकाळमुळे. तुमची फेरी दर फेरीत दोनदा धक्क्याला लागणार. तुमच्या साहेबांना विचारा, चष्मा लावलेल्या मालकाच्या माणसांपैकी कुणी खिडकीतून डोकं बाहेर काढलं होतं का?

म्हणून माझं पहिलं म्हणणं: मॉकअप कुरूप ठेवा. बारा मिलिमीटरचा साधा प्लाय, दोन बाय दोनचे बॅटन, स्क्रू, पुठ्ठा, मास्किंग टेप, मॉनिटरच्या जागी छापलेले कागद. रंग नको, लॅमिनेट नको, पॉलिश तर अजिबात नको. चकचकीत मॉकअप दिसला की लोक त्याची स्तुती करतात. कच्चा दिसला की त्यावर पेन्सिलने खूण करतात, "इथून काप" म्हणतात. आपल्याला ते "इथून काप" ऐकायचं आहे. सरेस वापरू नका. सगळं स्क्रूवर ठेवा म्हणजे माणूस उभा असतानाच शेल्फ खाली घेता येईल.

दुसरं, मत विचारू नका, काम द्या. "धुकं आहे, डावीकडून मच्छीमार बोट आली, धक्क्यावरून रेडिओ वाजतोय, रॅम्प उघडायची तयारी करा." आणि त्या वेळी हात कुठून कुठे जातो, माणूस किती पावलं टाकतो, कुठे पाठमोरा होतो ते बाजूला उभं राहून लिहा. खुर्चीतून रेडिओ घ्यायला उठावं लागलं तर ती खूण झाली. रडार बघताना पुढची खिडकी नजरेआड झाली, तीही झाली.

तुमची बोट रो-रो आहे म्हणून एक प्रश्न नक्की विचारा: "नाळेचं दार बंद झालं हे तुम्हाला इथे बसून कसं कळलं?" ६ मार्च १९८७ ला बेल्जियमच्या झेब्रुगेहून निघालेली हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ नाळेची दारं उघडी असतानाच समुद्रात गेली आणि काही मिनिटांत कलंडली. १९३ माणसं गेली. कॅप्टनला ब्रिजवरून ती दारं दिसत नव्हती आणि दारांची स्थिती दाखवणारे दिवे ब्रिजवर नव्हते. तसे दिवे हवेत अशी मागणी त्या कंपनीच्या कॅप्टनांनी आधी केलेली होती. चालवणाऱ्याला काय दिसत नाही, हे चालवणाऱ्यालाच आधी माहीत असतं, त्याचं याहून भयंकर उदाहरण मला ठाऊक नाही. तुमच्या मॉकअपमध्ये त्या दिव्याची जागा पुठ्ठ्यावर लाल-हिरवी टिकली चिकटवून ठरवा, आणि खुर्चीतून मान न वळवता ती दिसते का बघा.

साहेब म्हणत असतील की हे जुन्या काळचं झालं, तर त्यांना आयडाहोतलं अर्को सांगा. नॉटिलस ही अणुशक्तीवर चालणारी पहिली पाणबुडी. तिच्या अणुभट्टीचा जमिनीवरचा नमुना बांधताना अमेरिकन नौदलातले त्या कामाचे प्रमुख रिकोव्हर यांनी तो प्रयोगशाळेत ऐसपैस मांडू दिला नाही. समुद्रापासून दूर, आयडाहोच्या वाळवंटात, पाणबुडीच्या हलचा (बाहेरच्या कवचाचा) खऱ्या मापाचा तुकडा बांधून त्याच्या आत सगळं बसवायला लावलं. ३० मार्च १९५३ ला ती भट्टी चालू झाली आणि जानेवारी १९५५ मध्ये नॉटिलस समुद्रात गेली. व्हॉल्व्हपर्यंत हात पोचतो का, पंप बाहेर काढायला जागा आहे का, हे प्रश्न त्या तुकड्यातच सुटले. पैशाची कमतरता नसलेल्या लोकांनीही खऱ्या मापात आधी बघून घेतलं.

जिन्याचं नंतर लिहितो, तो वेगळा विषय आहे आणि मला जिव्हाळ्याचा आहे.

बारा_ते_चार

मी सेकंड मेट, म्हणजे पाळीवर जहाज सांभाळणारी अधिकारी, आहे, मालवाहू जहाजांवर. उंची १५४ सेंटिमीटर. लॉफ्टवाल्या काकांनी बसलेल्या माणसाचं सांगितलं, मी बुटक्या माणसाचं सांगते.

ताई, त्या नियमातला १.८ मीटरचा आकडा खिडकीच्या वरच्या कडेसाठी आहे. जहाज लाटांवर डोलत असताना उंच माणसाला क्षितिज दिसलं पाहिजे, वरची चौकट आड येता कामा नये, म्हणून. खालच्या कडेसाठी नियम एवढंच म्हणतो की ती शक्य तितकी खाली असावी आणि पुढची नजर अडवू नये. तेव्हा पाणी किती झाकलं जातं हे १.८ वर काढणं म्हणजे सगळ्यात सोयीच्या माणसावर काढणं. माझा डोळा उभं राहूनही १.४३ च्या आसपास. मॉकअपमध्ये सगळ्यात बुटकी आणि सगळ्यात उंच अशी दोन माणसं पाहिजेतच. भारतीय मापं हवी असतील तर अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेला देबकुमार चक्रबर्ती यांचा संग्रह बघा. युरोपच्या तक्त्यातला माणूस आपल्या फेरीवर येणार नाही.

दुसरी गोष्ट, मॉकअप रात्री तपासा. हॉलचे दिवे बंद करून, पूर्ण अंधार करून. पुढे खरी काच किंवा ॲक्रिलिक लावा, आणि मॉनिटरच्या जागी निदान एक टॅब्लेट चालू ठेवा. पुढच्या खिडक्या वरून बाहेर झुकलेल्या हव्यात, १० ते २५ अंशांत, असं नियम सांगतो. आतल्या दिव्यांचं प्रतिबिंब डोळ्यात येऊ नये म्हणून ते आहे. पण बाजूच्या खिडक्या? मागच्या दारावरची काच? अलार्म पॅनेलचा एक हिरवा दिवा बाजूच्या काचेत पडला की तो एखाद्या जहाजाचा स्टारबोर्डचा (उजव्या बाजूचा) दिवा वाटू शकतो. मध्यरात्रीच्या पाळीत हे मला छळतं, आणि कुठल्याही नकाशात हे दिसत नाही. पॅनेलचा डिमर अंधारात हाताला सापडतो का, तेही बघा.

लाइफजॅकेट आणि ओले हातमोजे घालून एकदा सगळं करून बघा. जाकिटातलं पोट कन्सोलला टेकलं की हात आखूड होतात.

एक मात्र सांगते. प्लाय आणि छापील कागद स्क्रीनच्या आतलं काही पकडत नाहीत. २१ ऑगस्ट २०१७ ला सिंगापूरजवळ अमेरिकन नौदलाची विनाशिका जॉन एस. मॅकेन आणि अल्निक एमसी हा टँकर यांची टक्कर झाली, १० नौसैनिक गेले. सुकाणू आणि थ्रॉटल टचस्क्रीनवर होते. थ्रॉटल दुसऱ्या जागेकडे सोपवताना सुकाणूही तिकडे गेलं, सुकाणू धरणाऱ्या खलाशाला वाटलं सुकाणू निकामीच झालं. मग वेग कमी करताना दोन्ही शाफ्टचे (पंखे फिरवणाऱ्या दांड्यांचे) थ्रॉटल एकत्र जोडलेले नव्हते, म्हणून एकाच शाफ्टचा वेग उतरला आणि जहाज डावीकडे वळलं. २०१९ मध्ये त्या नौदलाने आपल्या विनाशिकांवर पुन्हा हाताने ढकलायचे थ्रॉटल बसवायचं ठरवलं. तुमच्या फेरीत कंट्रोल मुख्य कन्सोलवरून बाजूच्या खिडकीपाशी सोपवायचा असेल, तर "आता कंट्रोल कुणाकडे आहे" हे दोन्ही जागांवर कसं कळणार, हे दोन माणसं उभी करून, मोठ्याने बोलून करून बघा. त्यासाठी लॅपटॉपवरचा साधा चालता नमुना लागेल.

काचेपलीकडे

मी व्हीआरच्या कामात आहे, त्यामुळे थोडी बाजू मांडतो. ब्लाइंड सेक्टर (नजरेआड राहणारा भाग), मास्टची सावली, संध्याकाळचा सूर्य, वेगवेगळ्या धक्क्यांची उंची, भरती-ओहोटी, हे प्लायवुडच्या खोलीत दिसणार नाही. चष्म्यात एका दुपारी दहा मांडण्या बघता येतात. खिडकीचा खांब १५ सेंटिमीटर सरकवला तर काय, याचं उत्तर तिथे लगेच मिळतं.

पण लॉफ्टवाला म्हणतात ते खरं आहे. चष्म्यात हात कन्सोलमधून आरपार जातो, कोपर कशाला टेकत नाही, गुडघा कशाला आपटत नाही. माणूस हवेत वाकतो आणि म्हणतो, छान आहे. आम्ही हल्ली दोन्ही एकत्र करतो: खुर्ची, कन्सोल, खिडकीची चौकट प्लायची, आणि चष्म्यात बाहेरचा समुद्र व धक्का. प्लायची जागा आणि मॉडेलमधली जागा नीट जुळवून घ्यावी लागते, नाहीतर हाताला कड एका ठिकाणी लागते आणि डोळ्याला दुसरीकडे दिसते. त्यात चक्कर येते. साहेबांनी चष्म्यावर खर्च केलाच आहे, तर तो वाया गेला असं म्हणू नका. त्याला प्लाय जोडून द्या म्हणा.

तिरपी_फ्रेम

सगळ्यांचे मनापासून आभार. बसलेल्या माणसाचा हिशेब सकाळी साहेबांसमोर ठेवला. १८० चा आकडा बघून त्यांनी स्वतः पुन्हा आकडेमोड केली आणि मॉनिटर उद्याच्या उद्या खाली घ्या म्हणाले. मॉकअपला तत्त्वतः हो म्हणालेत, पण "फक्त व्हीलहाउस, आणि आठवड्याभरात". लॉफ्टवाला काका, जिन्याचं तुम्ही लिहिणार होतात. आणि इतक्या कमी वेळात काय करावं, काय सोडावं?

लॉफ्टवाला

मॉनिटर खाली घ्यायचं ठरलं हे उत्तम. पण किती खाली, ते खुर्चीत खरी माणसं बसवून ठरवा. १२ हा माझा कागदावरचा आकडा आहे. खूप खाली गेले तर सारंगांचे गुडघे अडतील आणि रडार बघायला मान मोडेल. मॉनिटरच्या फळीला उभ्या खाचा पाडा, दोन-दोन सेंटिमीटरवर, म्हणजे फुलपाखरी नट सैल करून ती वरखाली करता येईल. खुर्चीखाली चौथरा आणि पाय ठेवायला पट्टी देऊनही डोळा वर आणता येतो. दोन्ही करून बघा.

आठवडाच असेल तर मागची भिंत, छत, शोभेचं काही करू नका. छताच्या जागी डोक्याच्या उंचीवर दोऱ्या ताणा. पुढच्या तीन खिडक्या, दोन्ही बाजूंच्या खिडक्या, कन्सोल, खुर्ची, बाजूचा कंट्रोल आणि दार, एवढं खऱ्या मापात असलं की पुरे. पुढे हॉलच्या जमिनीवर टेपने बोटीची कोर आखा. ती ९.९ मीटर खाली नसणार, त्यामुळे बाजूला डोकावण्याचा कोन मॉडेलवरून काढून त्या कोनाच्या रेषेवर जमिनीवर खूण करावी लागेल. हे काम तुमच्या व्हीआरवाल्यांना सांगा, ते चटकन करतील.

आता जिना. साहेब नाही म्हणाले तरी तो करा. त्याला खर्च असा नाही: दोन फळ्या, पायऱ्या आणि वर एक बिजागरी, म्हणजे उतार बदलता येतो. आगीपासून सुटकेचे जे नियम आहेत त्यांत प्रवासी जहाजांसाठी जिन्याची मोकळी रुंदी किमान ९०० मिलिमीटर, आणि उतार ४५ अंशांच्या वर नाही. या आकड्यांना धरून जिना मंजूर होतो. पण तुमच्या जिन्यावरून कोण जाणार आहे ते डोळ्यांसमोर आणा. कोकणातल्या तरीवरून मी आयुष्यभर फिरलोय. डोक्यावर मासळीची पाटी घेतलेली बाई, एका हातात पोर आणि दुसऱ्या हातात पिशवी घेतलेली आई, धोतर सावरत उतरणारे आजोबा, हेल्मेट काखोटीला मारलेला मुलगा. चढताना सगळे चढतात. उतरताना बघा. ४५ अंशांवर पाटी घेतलेली बाई तिरकी उतरते, कारण पायरीवर पाऊल पूर्ण टेकत नाही आणि तिला पायाखालचं दिसतही नाही. तेव्हा तिचा एक हात पाटीला आणि एक कठड्याला. कठडा एकाच बाजूला असेल आणि तिचा मोकळा हात दुसऱ्या बाजूचा असेल तर? जागा काढता येत असेल तर उतार ४० च्या खाली आणा आणि कठडे दोन्ही बाजूंना द्या. जागा नाही म्हणणाऱ्याला बिजागरी सोडून ४५ वर उतरायला लावा, हातात भरलेली पिशवी देऊन.

जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर फिरवून बघा. रिकामा नको, त्यावर माणूस झोपवा, बांधा, आणि चार जणांना उचलायला सांगा. रुंदी बरोबर असते, वळणावर अडतं. लॅंडिंगच्या कोपऱ्यात अग्निशामकाची पेटी दाखवलेली असते, ती तिथून हलवावी लागते. असं मी एकापेक्षा जास्त मॉकअपमध्ये पाहिलंय. लाइफजॅकेट घातलेली माणसं वर चढत असताना एक खलाशी खाली उतरतोय, हेही करून बघा. गर्दीच्या उलट दिशेने कुणाला तरी जावं लागतंच.

बारा_ते_चार यांनी रात्रीचं सांगितलं ते मला फार पटलं. आमच्या काळात आम्ही ते कमी करायचो, कारण हॉल सहाला बंद व्हायचा. तुम्ही एक संध्याकाळ राखून ठेवा.

मॉकअपला काय येत नाही तेही साहेबांना आधीच सांगा, म्हणजे नंतर वाद नको. बोट डोलत नाही, इंजिनचा थरथराट नाही, आवाज नाही, डेक ओला नाही. थरथरणाऱ्या कन्सोलवर बारीक अक्षर वाचता येत नाही, ते इथे कळणार नाही. त्यासाठी सारंगांना चालत्या फेरीवर जाऊन भेटा, त्यांच्या शेजारी उभं राहून दोन-चार फेऱ्या बघा. मग मॉकअपमध्ये त्यांना काय करायला सांगायचं, हेही आपोआप कळेल.

जे ठरेल ते मॉकअपवरच पेनने लिहा, मापपट्टीने मोजा, फोटो काढा, आणि त्याच दिवशी नकाशात चढवा. नकाशात कुणी चढवायचं आणि कुणी सही करायची हे आधी ठरवून घ्या. मी असे मॉकअप पाहिलेत की ज्यांच्यावर सगळ्या खुणा बरोबर होत्या आणि बोटीत जुनंच बसलं. केबलचे मार्ग पक्के होईपर्यंत मॉकअप मोडू नका. केबलवाले येऊन खुर्चीमागे एक ट्रे मागतातच, आणि तेव्हा ती खोली उभी असली तर लगेच दाखवता येतं की तिथे दार उघडतं.

आणि माणसं. सारंग एकटे बोलवू नका, त्यांच्या सोबतीला त्यांचा खलाशी आणि इंजिन ड्रायव्हर बोलवा. तिघं आपसात बोलतात तेव्हा खरं बाहेर येतं. वरच्या साहेबांना शेवटच्या तासाला बोलवा, आधी नको. तुम्ही स्वतः वही घेऊन कोपऱ्यात बसा आणि जिथे ते "चालेल" म्हणतील तिथे "दाखवा ना कसं" म्हणा. हे सगळे रोजावरचे लोक आहेत, फेरी सोडून येणार आहेत. त्यांचा त्या दिवसाचा रोज, येण्याजाण्याचं भाडं आणि दुपारचं जेवण मॉकअपच्या खर्चात आधीच धरा, आणि प्लायचं बिल देण्याआधी ते द्या.